अपंग एलजीबीटी व्यक्तींचा सदस्यांनीच चालवलेला गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गट कोणाचा आहे आणि तो काय करतो?

पुण्यात आणि आसपास राहणाऱ्या, स्वतः अपंग असलेल्या आणि स्वतः समलिंगी, उभयलैंगिक किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असलेल्या प्रौढ व्यक्तींचा हा गट आहे. आम्ही महिन्यातून एकदा भेटतो, मधल्या काळात फोनवर एकमेकांना सोबत करतो आणि कागदपत्रांच्या कामासाठी सदस्याबरोबर कचेरीत जातो. याशिवाय इतर संस्थांच्या जागा, अर्ज आणि माहितीपत्रके अपंग व्यक्तीला वापरता येतील अशी व्हावीत म्हणून आम्ही त्यांच्या मागे लागतो. हे शेवटचे काम सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत जास्त वेळ खाते.

अपंगांच्या संघटना आहेत, एलजीबीटी संस्थाही आहेत. मग वेगळा गट कशासाठी?

मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून आहे, आणि अशा संस्थांमुळेच आमच्यातील अनेकांना स्वतःविषयी बोलण्यासाठी पहिल्यांदा शब्द मिळाले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तरीही व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावर असल्याचे दारात आल्यावर कळते, तेव्हा तिथे तिला कोणी नाकारलेले नसते, फक्त ती येईल अशी कल्पना कोणी केलेली नसते. याउलट अपंगांच्या मेळाव्यात सभागृह तळमजल्यावर असते, पण व्यासपीठावरून वधू-वर परिचयाचे अर्ज वाटले जातात आणि आयोजक मोठ्या आपुलकीने विचारतात, ‘‘मुलगी कशी हवी? डोळस चालेल ना?’’ समलिंगी पुरुषाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

या दोन्ही ठिकाणी माणूस अर्धाच आत जातो. त्यातून अपंग व्यक्तीचे रोजचे जगणे बहुधा कोणाच्या तरी मदतीवर उभे असते, आणि मदत करणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातलीच असते. जी बहीण पत्र वाचून दाखवते, जो भाऊ गाडीत बसवतो, त्यांच्यापासून लपवून काही करणे म्हणजे मदतच गमावण्याचा धोका पत्करणे होय. म्हणून ‘‘मोकळेपणाने घरी सांगून टाका’’ हा सल्ला आम्हाला तितकासा उपयोगाचा नसतो. मदत घेता येईल पण ताबा द्यावा लागणार नाही, अशी व्यवस्था कशी करायची, हा आमचा खरा प्रश्न आहे आणि खालील बहुतेक उत्तरे त्याभोवतीच फिरतात.

ही कल्पना आमची नव्हे. ब्रिटनमध्ये अपंग समलिंगी स्त्रियांचा ‘जेम्मा’ हा गट १९७६ मध्ये सुरू झाला आणि अपंग एलजीबीटी व्यक्तींनी स्वतःच चालवलेली ‘रिगार्ड’ ही संघटना १९८९ मध्ये उभी राहिली. तिथला कायदा, तिथल्या सरकारी मदतीची पद्धत आणि तिथली कुटुंबे वेगळी आहेत, त्यामुळे त्यांची नक्कल इथे चालत नाही; मात्र निर्णय कोणाच्या हातात असावा याबाबतचा त्यांचा आग्रह आम्ही जसाच्या तसा घेतला आहे.

‘सदस्यांनीच चालवलेला’ याचा प्रत्यक्षात अर्थ काय?

मतदानाचा अधिकार फक्त अशा सदस्यांना आहे जे अपंगही आहेत आणि एलजीबीटीही आहेत. अपंग नसलेले समलिंगी मित्र, समलिंगी नसलेले अपंग मित्र, पालक, समुपदेशक आणि वकील आम्हाला मदत करतात. ते खुर्च्या लावतात, गाडी चालवतात, अर्ज तपासून देतात, पण बैठक केव्हा घ्यायची, पैसे कशावर खर्च करायचे आणि गटाच्या वतीने कोणी बोलायचे हे ते ठरवत नाहीत. काहींना हा नियम कृतघ्नपणाचा वाटतो. आमचा अनुभव असा की अपंग नसलेला माणूस चर्चेत असला की काम झपाट्याने होते आणि त्या झपाट्यातच सावकाश बोलणारे मागे पडतात.

आमच्या एका सदस्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि तो अक्षरपाटीवरील अक्षरांवर बोट टेकवून बोलतो. एका बैठकीत त्याने ‘मा’ आणि ‘झा’ दाखवताच नव्याने आलेल्या एका स्वयंसेवकाने उत्साहाने वाक्य पूर्ण केले: ‘‘माझा भाऊ?’’ त्याने मान हलवली आणि पुन्हा पहिल्या ‘म’पासून सुरुवात केली. त्याला ‘माझा जोडीदार’ असे म्हणायचे होते. ते वाक्य पूर्ण होईपर्यंत चहा थंड झाला. तेव्हापासून दुसऱ्याचे वाक्य कोणी पूर्ण करायचे नाही, हा आमच्या नियमांमधील पहिला नियम आहे.

सदस्य होण्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (अपंग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) लागते का?

नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व असावे लागते. हा हिशेब सरकारी योजनांसाठी योग्य असेल, पण आम्ही कोणाचे टक्के मोजत नाही. मानसिक आजार असलेल्या, दीर्घकाळच्या वेदनेने ग्रासलेल्या किंवा प्रमाणपत्राच्या रांगेत अजून उभ्या असलेल्या व्यक्तीही येतात. तुम्ही समलिंगी आहात की पारलिंगी, याचा पुरावा तर आम्ही मागूच शकत नाही. आपण नक्की कोण आहोत हे अजून ठरलेले नसेल, तरी चालते. वयाची अट मात्र आहे: १८ वर्षे पूर्ण असावीत.

तुम्ही ‘दिव्यांग’ न म्हणता ‘अपंग’ का म्हणता?

सरकारी कागदावर आम्हीही ‘दिव्यांग’ लिहितो, कारण कायद्याचे मराठी नाव आणि डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने सुरू केलेला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग, दोन्हींत तोच शब्द आहे. आपसात मात्र आमच्यातील बहुतेकांना तो अवघडल्यासारखा वाटतो. जिना चढता येत नसताना अंगात दिव्य काही असल्याचे ऐकणे थोडे विनोदी आहे. कोणाला ‘दिव्यांग’, कोणाला ‘विकलांग’ आवडते. स्वतःसाठी कोणता शब्द वापरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. हीच गोष्ट ‘गे’, ‘समलिंगी’, ‘पारलिंगी’, ‘तृतीयपंथी’ या शब्दांनाही लागू आहे.

बैठक कुठे आणि कशी होते?

जागेचा पत्ता आम्ही जाहीर करत नाही. नोंदणी केल्यावर फोनवर सांगतो. जागा ठरवण्याआधी दोन सदस्य, त्यांतील एक व्हीलचेअर वापरणारा, स्वतः जाऊन पाहून येतात. हा खटाटोप आम्ही एका फजितीनंतर सुरू केला. एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनी ‘‘रॅम्प आहे, काळजी करू नका’’ असे दोनदा सांगितले होते. प्रत्यक्षात तो रॅम्प म्हणजे पायरीवर दुचाकी चढवण्यासाठी टाकलेली लाकडी फळी होती, आणि तीही एका टोकाला कुजलेली. आता आम्ही दाराची रुंदी टेपने मोजतो, शौचालयात चाकांची खुर्ची वळते का ते पाहतो, आणि त्या शौचालयात झाडू, बादल्या व जुन्या खुर्च्या भरून ठेवलेल्या नाहीत ना, याचीही खात्री करतो, कारण ‘अपंगांसाठी’ अशी पाटी असलेली शौचालये गोदाम म्हणून वापरण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे.

बैठकीत प्रत्येक जण बोलण्याआधी आपले नाव सांगतो, म्हणजे न दिसणाऱ्याला कोण बोलत आहे ते कळते. एका वेळी एकच जण बोलतो आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असे बसतो, म्हणजे ओठ वाचणाऱ्याला वाचता येतात. तासाभराने विश्रांती असते. शेजारच्या खोलीत एक सतरंजी आणि उशी ठेवलेली असते. कोणालाही न विचारता तिथे जाऊन आडवे होता येते. प्रत्येकाने ओळख करून दिलीच पाहिजे असे नाही, आणि टोपणनाव चालते.

माझ्या घरच्यांना कळेल का?

आमच्याकडून कळणार नाही. परंतु माहिती बहुतेक वेळा फोनमधून बाहेर पडते. दृष्टिहीन सदस्याचा फोन आलेला प्रत्येक संदेश मोठ्याने वाचतो, आणि तो एसटीत वाचतो, जेवणाच्या टेबलावर वाचतो, आजीसमोरही वाचतो. म्हणून आमच्या व्हॉट्सॲप गटाचे नाव अगदी साधे, कोणाच्याही मनात काही येणार नाही असे आहे. (ते इथे लिहिले तर त्याचा उपयोगच संपेल.) संदेशाच्या पहिल्या ओळीत कधीही विषय येत नाही, पहिली ओळ ‘नमस्कार, रविवारचे कळवतो’ अशीच असते. नव्या सदस्याला आम्ही सूचना वाचून दाखवणे कसे बंद करायचे, एका कानात इअरफोन ठेवून कसे ऐकायचे आणि फोनमधला वाचक (स्क्रीन रीडर) सुरू असताना पडदा काळा कसा ठेवायचा, हे बसून शिकवतो. ओटीपी वाचून घेण्यासाठी फोन भावाच्या हातात द्यावा लागत असेल, तर आधी तो ओटीपी स्वतः ऐकायला शिकणे हा आमच्या मते स्वातंत्र्याचा मोठा टप्पा आहे.

फोन घरचेच उचलत असतील तर नोंदणीच्या वेळी सांगा. आम्ही कोण म्हणून बोलायचे, हे तुम्हीच ठरवा. ‘संगणक वर्गाचे सर’, ‘वाचनालयातली मैत्रीण’ अशा भूमिका आमच्या सदस्यांनी बऱ्यापैकी वठवल्या आहेत.

मला एकट्याने येता येत नाही. आई किंवा मदतनीस सोबत आले तर चालेल का?

सोबत येता येईल, परंतु बैठकीच्या खोलीत बसता येणार नाही. सोबत आलेल्यांसाठी बाहेर बसण्याची आणि चहाची सोय असते. खोलीत पाणी पिणे, शौचालयाला जाणे किंवा खुर्चीतून उतरणे यांसाठी मदत लागली तर ती देणारे प्रशिक्षित सदस्य आणि मित्र असतात. तुम्हाला कोणत्या हाताला धरलेले चालते, कुठे दुखते, कोणी मदत केलेली आवडेल, हे आधी विचारले जाते. मदत करणारा पुरुष असावा की स्त्री, हे पारलिंगी सदस्याच्या बाबतीत तर आवर्जून विचारावे लागते. इथे अंदाज चालत नाही.

तुमचा नेहमीचा मदतनीस तुमच्या विश्वासातला असेल आणि तोच खोलीत हवा असेल, तर तसे तुम्ही, त्याच्या अनुपस्थितीत, आम्हाला सांगावे लागेल.

मी कर्णबधिर आहे. दुभाषा मिळेल का, आणि तो बाहेर बोलणार नाही कशावरून?

मिळेल, मात्र किमान १० दिवस आधी कळवावे. दुभाष्यांची संख्या कमी असल्याने जो दुभाषा तुमच्या चुलतबहिणीच्या लग्नात होता, तोच आमच्या बैठकीत समोर येण्याची शक्यता असते. म्हणून दुभाष्याचे नाव आम्ही तुम्हाला आधी कळवतो आणि तुम्ही कारण न देता नकार देऊ शकता. अशा वेळी दुसऱ्या शहरातील दुभाषा व्हिडिओ कॉलवर घेतला जातो. प्रत्येक दुभाष्याकडून गोपनीयतेचे लेखी आश्वासन घेतले जाते. समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी चालणाऱ्या काही खुणा चेष्टेच्या आहेत. आमच्या कर्णबधिर सदस्यांनी त्यांऐवजी कोणत्या खुणा वापरायच्या हे ठरवले आहे आणि दुभाष्याला त्या बैठकीपूर्वी शिकाव्या लागतात.

घरी माझे लग्न ठरवत आहेत. नाही म्हटले तर मला कोण सांभाळणार?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. अपंग मुलाचे किंवा मुलीचे लग्न हा पालकांच्या दृष्टीने अनेकदा संसारापेक्षा सांभाळण्याचा बंदोबस्त असतो. ‘‘आम्ही गेल्यावर हिचे कोण बघणार?’’ या वाक्यामागची भीती खरी आहे आणि तिची थट्टा करणे आम्हाला मान्य नाही. म्हणून नकार कसा द्यायचा याआधी आम्ही त्या भीतीचे तुकडे करून पाहतो: राहण्याची जागा कोणाच्या नावावर आहे, निवृत्तिवेतन किंवा पगार कोणत्या खात्यात जमा होतो, आंघोळ आणि स्वयंपाक यांसाठी रोज किती तास मदत लागते, ती मदत पगारी माणसाकडून घेता येईल का. बहुतेक घरांत हा हिशेब कोणी कधी कागदावर मांडलेलाच नसतो. तो मांडल्यावर लग्नाशिवाय दुसरा मार्ग नाही ही समजूत काही वेळा आपोआप सैल होते, काही वेळा होत नाही.

जबरदस्ती, मारहाण किंवा कोंडून ठेवणे असेल तर गोष्ट वेगळी आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार अपंग व्यक्तीवरील अत्याचाराची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतो, आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अपंग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तक्रारीत तुमच्या लैंगिकतेचा उल्लेख करण्याची गरज नसते. तो करावा की नाही हे वकिलाशी बोलून तुम्हीच ठरवायचे.

डॉक्टर म्हणतात की अपंगत्वामुळेच असे विचार येतात आणि उपचाराने ते जातील. हे खरे आहे का?

खरे नाही. समलैंगिकता हा आजार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्तीला ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १८ सांगते की उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही.

तरीही अपंग व्यक्तीला हे वाक्य जास्त ऐकावे लागते, कारण तिच्याबाबत प्रत्येक गोष्टीचे कारण अपंगत्वातच शोधण्याची सवय सगळ्यांना असते. ‘‘मुली मिळत नाहीत म्हणून मुलांकडे वळला’’ असे डॉक्टरच कशाला, काकासुद्धा म्हणतात. डॉक्टरांकडे जाताना सदस्य सोबत हवा असेल तर आम्ही येतो. बोलणे तुमचे असते, आम्ही शेजारी बसतो.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती सदस्य होऊ शकतात का? त्यांना हे कळते का?

होऊ शकतात, आणि आहेत. दुसरा प्रश्न विचारण्याआधी महाराष्ट्रातीलच एक घटना आठवावी. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यातील सरकारी रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता हे कारण सांगितले गेले आणि देशभर त्यावर वाद झाला. त्या मुलींना विचारण्याची गरज फारच थोड्या लोकांना वाटली होती. आज २०१६ च्या अधिनियमाचे कलम १० सांगते की मुक्त आणि पूर्ण माहितीवर आधारित संमतीशिवाय अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही.

आम्ही सर्व माहिती सोप्या मराठीत, छोट्या वाक्यांत आणि चित्रांसह देतो: नको असलेला स्पर्श कोणता, ‘नाही’ कसे म्हणायचे, कोणाला सांगायचे, आणि हवासा स्पर्श चूक नसतो. हे शेवटचे वाक्य पत्रकात ठेवावे की नाही यावर आमच्यात दोन बैठका भांडण झाले. ते ठेवले आहे.

राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली प्रौढ व्यक्तीचे कायदेशीर पालकत्व घेतलेले असेल, तर पालकांना काही निर्णयांचे अधिकार असतात, पण मैत्री कोणाशी करावी याचा परवाना त्यांना मिळत नाही, अशी आमची भूमिका आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ तर असेही सांगते की अपंग व्यक्ती आपल्यासाठी केलेली आधाराची व्यवस्था बदलू शकते किंवा मोडून दुसऱ्या कोणाचा आधार घेऊ शकते. हे कलम फारच कमी लोकांनी वाचलेले आहे, ज्यांनी वाचायला हवे त्यांनी तर नाहीच.

माझ्या जोडीदाराला माझ्या आजारपणात किंवा बँकेत काही अधिकार मिळतात का?

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे पती-पत्नीला आपोआप मिळणारे काहीच मिळत नाही, सगळे कागदावर मिळवावे लागते. मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी मात्र एक सोपी आणि फारशी माहीत नसलेली सोय आहे: कोणत्याही सज्ञान व्यक्तीला तुम्ही साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. तो नातेवाईकच असावा लागत नाही. बँकेबाबत केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही मनाई नाही. शाखेत जाताना त्या स्पष्टीकरणाची छापील प्रत न्यावी. खिडकीवरच्या माणसाला ते ठाऊक असतेच असे नाही.

मी पारलिंगी आहे आणि माझ्या यूडीआयडीवर जुने नाव आहे. काय करावे?

आधी आधार, मग बँक, मग यूडीआयडी असा क्रम आमच्या सदस्यांना सोयीचा गेला आहे. पारलिंगी ओळखीच्या प्रमाणपत्राबाबतच्या तरतुदी पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या अधिनियमाखाली येतात. अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम आमच्या वकील मित्रांकडून तपासून घ्या. दोन कागदांवर दोन नावे असताना पास किंवा निवृत्तिवेतन अडकू नये म्हणून जुना कागद रद्द होण्याआधी नवा हातात आहे ना, ते पाहावे.

तुम्ही जोड्या जुळवता का?

नाही. जुळल्या तर आनंद आहे.

मी पालक आहे. तुमच्याशी बोलू शकतो का?

अवश्य बोला. पण तुमचा मुलगा किंवा मुलगी आमच्याकडे येते का, या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. येत असेल तरी नाही आणि येत नसेल तरी नाही.

मी गावाकडे राहतो. मला काय उपयोग?

दर महिन्याची बैठक फोनवरूनही ऐकता येते आणि बोलता येते. इंटरनेट कमी असेल तर साध्या कॉलवर जोडतो. पुण्याला यायचे ठरल्यास एसटीत अपंग प्रवाशांना ७५ टक्के सवलत आहे. स्वारगेट किंवा शिवाजीनगरला घ्यायला कोणी यावे असे वाटत असेल, तर बसचा नंबर कळवा.

पहिल्यांदा येण्यासाठी काय करावे?

एक संदेश पाठवा. त्यात नाव, हवे तर टोपणनाव, फोन कोणत्या वेळी तुमच्याच हातात असतो, आणि जागेबद्दल किंवा मदतीबद्दल काय लागेल, एवढेच लिहा. बोलून पाठवलेला संदेशही चालतो. दोन दिवसांत एक सदस्य फोन करेल. फोनवर ‘‘रविवारच्या पुस्तकाबद्दल बोलायचे होते’’ असे ऐकू आले आणि जवळ कोणी असेल, तर ‘‘पुस्तक अजून वाचून झाले नाही’’ असे म्हणावे, म्हणजे आम्ही नंतर फोन करू.